भिशी पुस्तकांची

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



भिशी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? दहा-बारा बायका, वाटीत घड्या घालून ठेवलेल्या चिठ्ठ्या, बशीत साबुदाण्याचे वडे, आणि जिचा नंबर लागला तिच्या मनात मिक्सर नाहीतर कानातलं. माझ्या पत्नीच्या भिशीतून आमच्या घरात आजवर एक शिलाई मशीन, एक कपाट आणि मुलीच्या लग्नातली अर्धीअधिक भांडी आलेली आहेत. तेव्हा भिशीची चेष्टा करण्याची माझी हिंमत नाही. पण आज मी ज्या भिशीबद्दल बोलणार आहे, ती जरा वेगळी. तिच्यात नंबर लागला की पुस्तकं घ्यावी लागतात. दुसरं काही घेता येत नाही.

आमचं गाव चिपळूण. माझं बाजारपेठेत स्टेशनरी आणि झेरॉक्सचं लहानसं दुकान आहे. शिक्षण बी. ए., विषय मराठी. अधूनमधून कविता लिहितो. जानेवारी २०१३ मध्ये आमच्या गावात ८६ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. नागनाथ कोत्तापल्ले अध्यक्ष होते. तीन दिवस गावात पाय ठेवायला जागा नव्हती. आम्ही सगळ्यांनी ग्रंथप्रदर्शनात खिसे रिकामे केले, पिशव्या भरभरून पुस्तकं घरी नेली, आणि महिन्याभराने पाहतो तर बहुतेकांच्या पिशव्या अजून तशाच दाराआड उभ्या. माझ्या दुकानात झेरॉक्सला येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांनी ही तक्रार बोलून दाखवली. त्या म्हणाल्या, "भाई, विकत घेऊन वाचली जात नाहीत. कुणीतरी 'वाचलंत का' म्हणून विचारणारं हवं." त्या उन्हाळ्यात भिशी सुरू झाली.

चौदा जण, दरमहा शंभर रुपये. आता ते तीनशे झालेत, पुस्तकांच्या किमती आपल्याला ठाऊकच आहेत. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कुणा एकाच्या घरी जमायचं. ज्याची चिठ्ठी निघेल त्याने त्या पैशांची आपल्या आवडीची पुस्तकं आणायची, आधी त्याने वाचायची, मग ती फिरायची. शिवाय दर तीन महिन्यांनी एक पुस्तक असं, की जे सगळ्यांनी वाचायचं आणि त्यावर बोलायचं. त्याच्या चार प्रती घेतो. खाण्याचा पदार्थ एकच ठेवायचा, हा नियम बायकांनीच केला, नाहीतर पुस्तक बाजूला राहतं आणि घावन जाळीदार कसं होतं यावर परिसंवाद होतो. हा नियम फक्त आमच्या घरी, रमजान ईदनंतरच्या बैठकीला मोडतो. त्या दिवशी शिरखुर्माही असतो, सांदणंही असतात, आणि पुस्तकाचं जे व्हायचं ते होतं. वेळेवर परत न दिलेल्या पुस्तकाला दिवसाला एक रुपया दंड. हा दंड लक्षात ठेवा, त्याच्याकडे शेवटी यायचं आहे.

आता कुणी म्हणेल, चिपळुणात १८६४ पासूनचं वाचनालय आहे, लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर. मग भिशी कशाला? प्रश्न बरोबर आहे. आमच्यातले निम्मे तिथले सभासद आहेत. पण वाचनालय पुस्तक देतं आणि पुस्तक परत घेतं. मधल्या पंधरा दिवसांत तुमचं काय झालं, हे विचारण्याची त्याची पद्धत नाही.

आणि हे आपल्याकडे नवीन आहे अशातला भाग नाही. माझ्या दादीला अक्षरओळख नव्हती. चातुर्मासात शेजारच्या पडवीत संध्याकाळी श्रीधरस्वामींचा 'पांडवप्रताप' वाचला जायचा. एक जण वाचणार, दहा जण ऐकणार. दादी मगरिबची नमाज झाली की डोक्यावरची ओढणी सारखी करून पडवीच्या कडेला जाऊन बसायची. दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्याच कथेची उजळणी. भीमाचं तिला फार कौतुक, धर्मराजावर राग. "बायको जुगारात लावणारा कसला शहाणा," असं ती शेजारणीला ऐकवायची, आणि शेजारीण म्हणायची, "अगो, हळू बोल, देव आहेत ते." वाचून झाल्यावर विहिरीवर भांडण झालं नाही तर त्या वाचनाला चवच नव्हती. आमची भिशी म्हणजे त्या विहिरीचाच प्रकार आहे.

आमच्यातली माणसं सांगतो. एक एसटीचे कंडक्टर आहेत. पुस्तकात खूण म्हणून ते तिकीट घालतात. पूर्वीच्या पंच केलेल्या तिकिटांची खूण वर्षानुवर्षं टिकायची. आता मशीनच्या तिकिटावरची शाई काही महिन्यांत उडते, त्यामुळे आपण हे पान कुठल्या फेरीला वाचलं ते कळत नाही, ही त्यांची खंत. एक मेडिकल स्टोअरवाले काका आहेत, ते कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचतात आणि वर ते सांगूनही टाकतात. लॅबमध्ये काम करणारी एक मुलगी आहे, ती आईच्या बदली म्हणून एकदा आली आणि मग आईने येणं सोडलं तरी ती येतच राहिली. ती बरंचसं मोबाइलवर वाचते, त्यावरून एक बैठक भांडणात गेली. मला स्वतःला त्यात काही वावगं वाटत नाही, फक्त मोबाइल उसना मागता येत नाही.

एकट्याने वाचताना एक गंमत होते. आपण पुस्तकाशी वाद घालतो असं आपल्याला वाटतं, पण दोन्ही बाजूंनी आपणच बोलत असतो आणि शेवटी आपलंच खरं ठरतं. श्री. ना. पेंडशांचं 'तुंबाडचे खोत' आम्ही घेतलं तेव्हा मला हे कळलं. दोन जाडजूड खंड. पावसाळा त्यात गेला. मी ती कादंबरी कॉलेजात असताना वाचली होती आणि ती एका घराण्याच्या चढउताराची गोष्ट आहे अशी माझी पक्की समजूत होती. कंडक्टर म्हणाले, मला तर ही जगबुडी नदीची गोष्ट वाटली, माणसं येतात नि जातात, प्रवाशांसारखी. बाई स्वतः खोतांच्या घरातल्या. त्या म्हणाल्या, मला यात फक्त स्वयंपाकघरातल्या बायका दिसल्या, त्या काय खात असतील याचा विचार करत मी वाचलं. मी घरी येऊन पहिला खंड पुन्हा उघडला. पुस्तक तेच, पण बाईंनी दाखवलेल्या बायका प्रत्येक पानाआडून माझ्याकडे बघायला लागल्या. तीस वर्षांपूर्वी त्या तिथेच होत्या, मलाच दिसल्या नव्हत्या.

कवितेचं मात्र भिशीतही हालच. अकरा-बारा वर्षांत कवितासंग्रह हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आले. त्यात एकदा, केवळ माझ्या भिडेखातर, माझाच संग्रह सगळ्यांनी वाचायचा ठरला. काका म्हणाले, "शेवटचं पान आधी वाचलं, पण तुमच्यात काही फरकच पडत नाही." पुढे बाईंनी एक कविता वाचायला घेतली. तिच्यात मी 'दिव्याची वात' असं लिहिलं होतं, आणि छापताना झालं होतं 'दिव्याची वाट'. बाई त्या दोन शब्दांवर दहा मिनिटं बोलल्या. दिव्याला स्वतःची वाट असते, तो जागेवर राहून चालतो, वगैरे. इतकं सुंदर बोलल्या की सगळ्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. मी मान खाली घातली. ती विनयाने घातली असं त्यांना वाटलं. मुद्रणदोष आहे हे मी आज पहिल्यांदाच सांगतो आहे. दुसरी आवृत्ती निघाली तर 'वाट'च ठेवणार आहे. निघणार नाही ही गोष्ट वेगळी.

आता ज्यासाठी हे बोलायला घेतलं, त्या बैठकीकडे येतो. २०१६ चा ऑगस्ट महिना. सगळ्यांनी वाचायचं पुस्तक निवडण्याची पाळी कंडक्टरांची होती. त्यांनी हमीद दलवाईंची 'इंधन' निवडली. कारण साधं होतं. दलवाई मिरजोळीचे. गुहागरच्या गाडीवर असताना कंडक्टर रोज मिरजोळीवरून जातात आणि इतकी वर्षं जाऊनही आपण त्या माणसाचं काही वाचलं नाही, याची त्यांना लाज वाटली होती.

श्रोत्यांना माहीत असेल, दलवाईंचा जन्म १९३२ चा. १९७० साली त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं आणि १९७७ मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी ते गेले. 'इंधन' १९६५ ची. बऱ्याच वर्षांनी मुंबईहून कोकणातल्या आपल्या गावी परतलेला एक मुसलमान माणूस, आणि त्याच्या डोळ्यांदेखत हळूहळू पेटत जाणारं गाव. दलवाईंचं सगळंच मला पटतं असं नाही, पण तो आजचा विषय नाही. माझी अडचण वेगळी होती. आमच्या मोहल्ल्यात हे नाव मोठ्याने घ्यायची सोय नाही. आणि मोहल्ल्याबाहेर ते नाव निघालं की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. त्या रविवारी डोकं दुखतंय असं कळवावं, असं सकाळपासून मनात होतं. पत्नी म्हणाली, "तुमचं डोकं पुस्तकाने कधीपासून दुखायला लागलं?" गेलो.

व्हायचं तेच झालं. चहा संपतो न संपतो तोच काकांनी, मनात काही वाईट नसताना, विचारलं, "भाई, आता तुम्हीच सांगा. तुमच्यात असंच असतं का हो?"

'तुमच्यात' हा शब्द मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. त्याला द्यायची तीन-चार उत्तरंही तयार ठेवलेली असतात. त्यातलं एक काढणार एवढ्यात बाई म्हणाल्या, "त्यांना का विचारता? आपण 'तुंबाडचे खोत' वाचलं तेव्हा मला विचारलंत का, तुमच्या खोतांत असंच असतं का म्हणून?"

काका क्षणभर गप्प बसले आणि मग स्वतःच हसायला लागले. सगळेच हसले. मीही. मला वाटलं, सुटलो. पण बाई हसत नव्हत्या. त्यांच्या हातात पुस्तक होतं, मध्ये बोट घातलेलं.

त्या म्हणाल्या, "मी या पुस्तकात मुसलमान शोधत नव्हते. दंगल होते तेव्हा ज्यांच्या खिडक्या बंद असतात ना, त्यांना शोधत होते."

मग त्यांनी सांगितलं. जानेवारी १९९३. तेव्हा त्या मुंबईत शिकवत होत्या, चाळीत राहत होत्या. खालच्या मजल्यावर एक मुसलमान कुटुंब होतं, रोजची देवाणघेवाण होती. एका रात्री ती बाई दोन मुलींना घेऊन वर आली. म्हणाली, आजची रात्र पोरींना ठेवून घ्या. त्यातली मोठी बाईंच्याच वर्गात होती. बाईंनी दार अर्धं उघडून सांगितलं, "घरात पाहुणे आहेत हो."

"पाहुणे नव्हते," बाई म्हणाल्या. "मी आणि हे, दोघंच होतो."

त्या मुलींचं पुढे काही वाईट झालं नाही. त्या कुणा नातेवाइकांकडे गेल्या, काही महिन्यांनी खोली विकून कुटुंब दुसरीकडे राहायला गेलं. निघताना ती बाई येऊन हळदीची बरणी परत करून गेली. उसनी नेलेली होती. एवढंच. पण तेवीस वर्षांत हे बाईंनी कुणाला सांगितलं नव्हतं. यजमानांशीसुद्धा पुन्हा तो विषय काढला नव्हता.

खोलीत कुणी काही बोललं नाही. बाईंना क्षमा करणं आमच्या हातात नव्हतं आणि त्यांनी ती मागितलीही नव्हती. बाहेर पाऊस लागला होता. लॅबमधली मुलगी तेव्हा कॉलेजात होती, ती टक लावून बाईंकडे बघत होती. तिचा जन्म ९३ च्या नंतरचा.

आणि मग मी बोललो. बोलायचं ठरवलं नव्हतं. मी सांगितलं की 'इंधन' मी विसाव्या वर्षी वाचलं. वर्तमानपत्राचं कव्हर घालून, अभ्यासाचं पुस्तक आहे असं घरात सांगून. एकदा नाही, तीनदा. त्यानंतर चारेक वर्षांनी, एका लग्नाच्या आदल्या दिवशी, मोहल्ल्यातली वडीलधारी माणसं बसली होती. माझी पहिली कविता नुकतीच छापून आली होती, तिचं कौतुक चाललं होतं. कौतुकातूनच एकाने विचारलं, "तू त्या दलवाईचं पण वाचतोस म्हणे?" आणि मी म्हणालो, "नाही चाचा. हातसुद्धा लावला नाही."

कुणी मारलं नसतं मला. फार तर दोघं-तिघं उठून गेले असते. पण मी मराठीत लिहायला लागलो त्याचं एक कारण ते पुस्तक होतं. आपल्या घरातली माणसं, आपली खाडी, आपली भातशेती मराठी पुस्तकात येऊ शकते, हे मला त्याने दाखवलं. आणि त्या पुस्तकालाच मी अर्धं दार उघडून सांगितलं होतं, घरात पाहुणे आहेत.

त्या दिवशी 'इंधन'वर खरं म्हणजे फारच थोडी चर्चा झाली. शेवटाबद्दल तर झालीच नाही. कंडक्टरांनी पुन्हा चहा मागितला. निघताना काका माझ्या स्कूटरपाशी आले, छत्री धरून उभे राहिले आणि म्हणाले, "भाई, ते 'तुमच्यात' राहूनच गेलं तोंडात. सवय." मी म्हटलं, "काका, पुढच्या वेळी शेवट आधी सांगू नका, फिटंफाट." तेव्हापासून भिशीत मी कुणाचा प्रतिनिधी नसतो. पुस्तक आवडलं तर आवडलं म्हणतो, कंटाळा आला तर पेंगतो. हे सुख किती मोठं आहे, हे ज्याला प्रत्येक ठिकाणी उत्तरं द्यावी लागतात त्यालाच कळेल.

पुढे लॉकडाऊन आला. २०२० साली काही महिने भिशी फोनवर चालली, ती फारशी जमली नाही. सगळे एकदम बोलायचे नाहीतर सगळे एकदम गप्प. आणि मग २०२१. २१ जुलैला बकरी ईद झाली. त्या रात्रभर पाऊस कोसळत होता आणि २२ ची पहाट उजाडते न उजाडते तोच वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं. २००५ चा पूर आम्ही पाहिला होता, पण हा त्याच्याही वरचा. वीज नाही, फोन नाही. एसटीच्या आगारातल्या गाड्या पाण्यात उभ्या. वाचन मंदिरात पाणी शिरलं, पुष्कळ पुस्तकं भिजली. माझं दुकान पोटमाळ्यापर्यंत पाण्याखाली होतं. शटर उघडायला दोन माणसं लागली, कारण आत कागद फुगला होता. कागद पाणी पितो तेव्हा त्याच्यात केवढी ताकद येते हे मी तेव्हा पाहिलं. रिमांनी कपाटाच्या फळ्या उचलून धरल्या होत्या. झेरॉक्स मशीनमधून चिखल काढला तो बादलीने.

भिशीची वही दुकानातच होती. कुठलं पुस्तक कुणाकडे, सगळी नोंद त्यात. तिचा लगदा झाला. आठ वर्षांची पुस्तकं गेली असं मी धरून चाललो होतो.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी पहिल्यांदा जमलो. जो तो हातात पिशवी घेऊन आला. ज्याच्याकडे जे होतं ते त्याने आणलं होतं. आमची पुस्तकं कधी एका कपाटात राहिलीच नव्हती, चौदा घरांत विखुरलेली होती. कुणाचं घर चढावर, कुणाचं दुसऱ्या मजल्यावर, कुणी पाणी चढताना गादीआधी पुस्तकं माळ्यावर टाकलेली. अडीचशेच्या आसपास पुस्तकांपैकी दीडशेहून जास्त त्या दिवशी जमिनीवर मांडली गेली. काही फुगून दुप्पट जाड झालेली. पानांत टाल्कम पावडर घालून कंडक्टरांच्या पत्नीने ती दोरीवर वाळवली होती, त्यामुळे सगळ्या खोलीला बाळंतिणीच्या खोलीसारखा वास. माझ्याकडची एकूण एक गेली होती. मी मोकळ्या हातांनी गेलेला एकटाच.

बाईंनी पिशवीतून शेवटी 'इंधन' काढलं. चार प्रतींपैकी वाचलेली ती एकच. २०१६ च्या सप्टेंबरात त्यांनी ती पुन्हा नेली होती आणि विचारलं की दर वेळी म्हणायच्या, "वाचून व्हायचंय अजून." आत एका पानावर पेन्सिलीची बारीक उभी रेघ होती. ते पान कुठलं हे मी पाहिलं, पण सांगणार नाही.

तेवढ्यात काकांना दंडाची आठवण झाली. परत करायची तारीख होती ९ ऑक्टोबर २०१६, आणि आज १० ऑक्टोबर २०२१. कंडक्टरांनी तोंडी हिशोब केला. मध्ये एक लीप वर्ष धरून एक हजार आठशे सत्तावीस दिवस, दिवसाला रुपया.

"मी ज्येष्ठ नागरिक आहे," बाई म्हणाल्या. "एसटीत अर्धं तिकीट असतं."

"बरोबर," कंडक्टर म्हणाले. "नऊशे साडेतेरा."

बाई खरोखरच पर्स उघडून मोजायला लागल्या. कंडक्टरांनी हात पुढे केला आणि इतकी वर्षं ज्या आवाजात ते म्हणत आले आहेत त्याच आवाजात म्हणाले, "वरचे पन्नास पैसे सुटे द्या."